शेवट पटला नाही, म्हणजे नक्की काय बिनसलं?

'उगाच मारलं तिला.'

रडका शेवट असलेली प्रेमकथा पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडचा हा ठरलेला शेरा. याचं व्याकरण जरा नीट बघा. 'मारलं' म्हटलं की मारणारा कोणीतरी लागतो. कथेत तर तिला कोणी मारलेलं नसतं. ती गाडीखाली सापडलेली असते, नाहीतर आजाराने गेलेली असते. मग मारलं कोणी? लेखकाने. प्रेक्षकाच्या ते ध्यानीमनीही नसतं, पण त्याच्या क्रियापदाने लेखकाला पकडलेलं असतं.

आणि शेवट जमलेला असला की तोच प्रेक्षक म्हणतो, 'गेली बिचारी.' या वाक्यात लेखकाला जागाच नाही.

'मारलं' आणि 'गेली' यांच्यामध्ये जे अंतर आहे तेच पटण्या-न पटण्याचं अंतर. आजचा लेख त्या अंतराबद्दल आहे. सुरुवातीला एकच शब्द ठरवून घेऊ. 'शोकांत' म्हणजे ज्या कथेच्या शेवटी दोघं एकत्र येत नाहीत आणि पुढे येतील अशी आशाही उरत नाही ती. त्यासाठी कोणी मरायलाच हवं असं नाही.

## घडू शकतं, पण पटत नाही

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो: 'अहो, खऱ्या आयुष्यात असंच होतं की! लग्नाच्या आदल्या दिवशी अपघात होत नाहीत का?'

होतात. अशी बातमी वाचून 'हे काही पटलं नाही' असं कोणी म्हणत नाही. पण कथेत जे काही आहे ते कोणीतरी निवडून ठेवलेलं असतं. पाऊस पडला तर तो लेखकाने पाडलेला असतो. त्यामुळे आयुष्याला जो प्रश्न विचारून उपयोग नसतो, तो कथेला विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क असतो: हे आत्ताच का, आणि याच माणसांच्या बाबतीत का?

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात हे स्वच्छ सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा, अशक्य असूनही पटणारी गोष्ट कवीने पत्करावी. ऐकायला उफराटं वाटतं, पण याचा उत्तम दाखला आपल्या ओळखीचा आहे. 'मेघदूता'त यक्ष ढगाकरवी निरोप पाठवतो. ढग म्हणजे धूर, प्रकाश, पाणी आणि वारा. तो निरोप नेणार कसा? कालिदास ही शंका पाचव्याच श्लोकात स्वतः काढतो आणि उत्तरही देऊन टाकतो: विरहाने व्याकूळ झालेल्याला सजीव काय नि निर्जीव काय, हा भेदच कळत नाही. झालं. ढग निरोप नेऊ शकत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण हा माणूस ढगाला सांगेल हे पटतं.

हे नीट लक्षात ठेवू या. आपला विश्वास घटनेवर बसत नाही, माणसावर बसतो. बुद्धिबळात वीस चालींपूर्वीच्या हावरेपणामुळे राजा अडकला तर हरणारासुद्धा मान डोलावतो. कोणाचा तरी धक्का लागून पट उधळला तर राजा पडतो तसाच, पण त्याला कोणी डाव म्हणत नाही.

## दार उघडं होतं, तरी तो गेला नाही

एक साधी गोष्ट रचून पाहू. तिला दूरच्या शहरात मोठी संधी आलीय. त्याने 'थांब' म्हटलं तर ती थांबेल, किंवा 'मीही येतो' म्हटलं तर दोघं जातील. दोघांचं भांडण होतं, ती स्टेशनवर जाते, तो मागून धावत निघतो आणि वाटेत त्याला अपघात होतो.

आता हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने. हा माणूस कधीच कोणाकडे काही मागत नाही, हे आपण पहिल्यापासून पाहत आलोय. वाट चुकला तर अर्धा तास भटकेल, पण रस्ता विचारणार नाही. ताप आला तर गोळी स्वतः आणेल. तिला सुरुवातीला त्याचं हेच आवडलेलं असतं. याचं आपल्यावर ओझं नाही, असं तिला वाटलेलं असतं. शेवटी फलाटावर ती उभी आहे आणि त्याच्या एका शब्दाची वाट पाहतेय. तो तिची बॅग उचलतो, डब्यात चढतो, वरच्या फळीवर नीट ठेवतो, पट्टा बाहेर लोंबत नाही ना ते बघतो आणि खाली उतरतो.

दुसऱ्या गोष्टीत कोणी मेलेलं नाही. तरी घशात आवंढा तिथेच येतो.

पहिल्या गोष्टीत सुटकेचं दार बाहेरून कोणीतरी लावून घेतलं. दुसरीत ते सताड उघडं होतं, आपल्याला दिसत होतं, आणि हा त्यातून जाणार नाही हेही कळून चुकलं होतं. माझ्या मते शोकांत शेवटाची खरी परीक्षा हीच. शेवटाकडून मागे यायचं आणि वाटेतलं प्रत्येक उघडं दार मोजायचं. निरोप पाठवता आला असता का? माफी मागता आली असती का? कोणा तिसऱ्याला सांगता आलं असतं का? यातल्या एखाद्या दाराशी पात्रं फिरकलीच नाहीत आणि का फिरकली नाहीत ते आपल्याला कळलं नाही, तर तिथे लेखकाचा हात दिसतो.

शोकांतिकेतल्या नायकाचा घात दुष्टपणाने होऊ नये, चुकीने व्हावा, असंही ॲरिस्टॉटलने म्हटलंय. मी त्यात थोडी भर घालेन. ज्या गुणावर आपण भाळलो त्याच गुणातून ती चूक निघाली की शेवटाशी भांडायला आपल्याकडे काही उरत नाही. 1919 साली रंगमंचावर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त दारू हे निमित्त आहे. वकील असलेल्या सुधाकरला बुडवतो त्याचा मानीपणा. कोर्टातला अपमान त्याच्या जिव्हारी लागतो. अपमान गिळून दुसऱ्या दिवशी कामाला लागणारा माणूस असता, तर तळीरामाच्या पहिल्या पेल्याचं पुढे काही झालं नसतं.

## मग योगायोग वर्ज्यच का?

इथे कोणीही जाणकार वाचक हात वर करेल. 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा सगळा शेवट एका न पोचलेल्या पत्रावर उभा आहे, त्याचं काय? ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने झोपलीय, हे सांगणारं पत्र घेऊन निघालेला साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. यात ना रोमिओची चूक ना ज्युलिएटची.

अगदी खरं. तरी चारशे वर्षं हा शेवट उभा आहे, कारण शेक्सपिअरने त्या पत्राच्या आधी बरंच काही रचून ठेवलंय. त्याचा आधार होता आर्थर ब्रूकचं 1562 सालचं काव्य. त्यात ही कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवार अशी आवळली. रविवारी रात्री भेट, सोमवारी लग्न, त्याच दुपारी रोमिओच्या हातून खून. ज्युलिएटचा बाप तिचं दुसरं लग्न गुरुवारी ठरवतो आणि मग उत्साहाच्या भरात बुधवारवर आणतो, त्यामुळे तिला औषधही एक दिवस आधी घ्यावं लागतं. घाई करू नका असं बजावणारा म्हातारा धर्मगुरूसुद्धा त्यांचं लग्न घाईघाईनेच लावून देतो. या नाटकात दम धरणारा माणूसच नाही. म्हणून पत्र पोचत नाही तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही. इतक्या धावपळीत काहीतरी निसटणारच होतं; ते पत्र निघालं इतकंच. आणि थडग्यापाशी रोमिओने थोडा वेळ कळ काढली असती तरी निभावलं असतं. पण तो रोमिओ आहे.

तरीही मला ते पत्र जरा ठिसूळच वाटतं. पहिल्या वाचनात मी शेक्सपिअरवर चिडलो होतो आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

योगायोगाचा हिशोब शाळेतल्या गणितासारखा आहे. गणिताच्या सुरुवातीला 'समजा' म्हणून काहीही मानता येतं. दोघं एकाच डब्यात बसली, शत्रूंच्या घरात जन्मली, चालतं. पण उत्तराच्या ओळीत 'समजा' लिहिलं तर मास्तर गुण देत नाहीत. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. युद्ध किंवा साथ हाच ज्या कथेचा विषय आहे तिथे आंधळा मृत्यू पहिल्या पानापासून 'समजा'मध्ये बसलेला असतो, त्यामुळे तो शेवटीही चालतो.

## थोडक्यात हुकलं, हे जास्त का लागतं?

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली मांडलेला एक प्रश्न इथे कामाला येतो. दोन प्रवासी रहदारीत अडकून विमानतळावर अर्धा तास उशिरा पोचतात. एकाचं विमान वेळेवर निघून गेलेलं असतं. दुसऱ्याला कळतं की आपलं विमान उशिरा, आत्ता पाच मिनिटांपूर्वी सुटलं. जास्त कोण हळहळेल? विचारलेल्यांपैकी 96 टक्क्यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. वास्तविक नुकसान दोघांचं सारखंच, पण पाच मिनिटं मनातल्या मनात पुसून टाकता येतात, अर्धा तास पुसता येत नाही.

लेखकांना हे मानसशास्त्राच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. इंग्लंडचा नट डेव्हिड गॅरिक याने 1748 साली 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवलं तेव्हा रोमिओचा जीव जायच्या आधीच ज्युलिएटला जागं केलं आणि दोघांना एकमेकांशी बोलू दिलं. अंतर आणखी कमी, हळहळ आणखी जास्त. पण यात एक धोका आहे. हळहळ वाढली म्हणून शेवट पटतोच असं नाही. नेमक्या याच जागी संगीत वाढवून, पाऊस पाडून प्रेक्षकाला रडवून घेता येतं. डोळे पुसून झाल्यावर, घरी पोचेपर्यंत, तो म्हणतो, 'पण तसं उगाचच मारलं.' रडू येणं आणि पटणं ही दोन वेगळी खाती आहेत.

## दुखणं कधी लागलं?

आजाराबद्दल फार बोलायला नको. प्रश्न एकच विचारायचा: दुखणं कथेला कधी लागलं? 1853 सालचा व्हेर्दीचा ऑपेरा 'ला त्राव्हिआता' घ्या. नायिका क्षयाने जाते. पण शेवटच्या अंकाआधी जे सूर वाजतात, त्याच सुरांनी अगदी आरंभीचं वादन सुरू होतं. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच मरण कानावर पडून गेलेलं असतं. पहिल्याच अंकात, स्वतःच्या घरच्या मेजवानीत तिला भोवळ येते. तिचा आजार 'समजा'मध्ये आहे. उलट शेवटच्या पंधरा मिनिटांत रुमालावर लाल डाग दिसला, की तो आजार नायिकेला झालेला नसतो. लेखकाला सुचत नसतं, त्याचं ते लक्षण.

## काळ बदलतो, दारंही बदलतात

प्रेक्षक कथेत शिरताना आपली दारांची यादी सोबत घेऊन येतो, आणि ती यादी काळाबरोबर बदलत जाते. न पोचलेलं पत्र आता कोण मानेल? खिशात फोन असताना गैरसमज चार दिवस टिकवायचे तर बॅटरी संपवावी लागते, नाहीतर रेंज घालवावी लागते. (आजकालच्या कथांमध्ये फोन इतक्या वेळा पाण्यात पडतात की नायक-नायिकांनी ते गळ्यात बांधून ठेवावेत.) 'त्राव्हिआता'च्या प्रेक्षकाला क्षयापुढे इलाज नाही हे माहीत होतं. त्या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे आणला तो 1882 साली, आणि गुणकारी औषधं तर त्यानंतर काही दशकांनी आली. आजच्या कथेत तोच आजार तसाच वापरला तर प्रेक्षक पहिल्यांदा विचारेल, 'डॉक्टरकडे गेली होती का?'

माणसांनी काय करावं याच्या कल्पनाही अशाच बदलतात. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस'मध्ये नोरा नवरा आणि मुलं सोडून घराबाहेर पडते. 1879 सालचं हे नाटक. जर्मनीतल्या एका नामवंत नटीने हा शेवट करायला नकार दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडून जाणार नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने स्वतः पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांकडे पाहून थांबते. आपल्याच त्या शेवटाला तो रानटी अत्याचार म्हणत असे.

आता नोराच्या शेजारी 'एकच प्याला'तली सुधाकरची बायको सिंधू उभी करा. माहेर सधन, भाऊ मदतीला तयार, तरी ती दळण दळते पण नवऱ्याला सोडत नाही. नोरा बाहेर कशी पडली, हा तेव्हाचा प्रश्न. सिंधू बाहेर का पडली नाही, हा आजचा. मला स्वतःला सिंधू पटते, कारण ते दार गडकऱ्यांनी झाकून ठेवलेलं नाही. भाऊ येतो, बोलावतो, आणि ती 'नाही' म्हणते. तिचं 'नाही' आज आपल्याला आवडो न आवडो, ते तिचंच आहे.

## आधीच कळलं तर मजा काय?

शेवटाची पेरणी आधीपासून करायची तर शेवट आधीच कळून जाणार, ही भीती रास्त आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या प्रस्तावनेतच दोघं मरणार हे सांगून टाकलेलं आहे. उत्सुकता 'काय'बद्दल उरत नाही, 'कसं'बद्दल उरते, आणि ती पुरते.

शिवाय आपलं मन लेखकाला मदत करत असतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या लढाईचं वर्णन त्याने लोकांना वाचायला दिलं. काहींना शेवटी इंग्रज जिंकल्याचं सांगितलं, काहींना गुरखे, काहींना आणखी काही. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. निकाल कळला की मन मागे जाऊन खुणा गोळा करतं. लेखकाने एवढंच पाहायचं, की ते मागे जाईल तेव्हा त्याला काहीतरी सापडावं. फळीवर नीट ठेवलेली बॅग सापडायला हवी. विझणारा दिवा, फुटलेला आरसा, ओरडणारा कावळा या खुणा नव्हेत. त्या दवंड्या झाल्या.

## मला गोड शेवट आवडतो म्हणून तर पटत नाही ना?

असू शकतं. सहन न होणं आणि न पटणं यांची आपण नेहमी गल्लत करतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये राजाची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मरते. नेहम टेट नावाच्या नाटककाराने 1681 साली हे नाटक बदलून तिला वाचवलं, नाटकातल्याच एडगरशी तिची एक प्रेमकथा रचली आणि शेवटी दोघांचं जमवून दिलं. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षं तोच गोड शेवट प्रामुख्याने चालला. 1838 साली मॅक्रीडी या नटाने शेक्सपिअरचं मूळ नाटक परत आणलं. टीकाकार सॅम्युअल जॉन्सनने कबूल केलंय की कॉर्डेलियाच्या मरणाचा धक्का इतका बसला, की संपादनाच्या कामासाठी वाचावे लागेपर्यंत ते शेवटचे प्रवेश परत वाचण्याची हिंमत झाली नाही. तक्रार मरण खोटं वाटण्याची नव्हती. ते फारच खरं वाटत होतं.

स्वतःपुरती कसोटी सोपी आहे. राग कोणावर आला ते बघायचं. त्याच्यावर, तिच्यावर, तिच्या बापावर, जगावर आला तर शेवट पटलाय, फक्त सोसवत नाही. लेखकावर आला तर पटलेला नाही. 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी या बाबतीत काही मदत करत नाही. घटना खरी असेलही, पण ती आपल्यासमोर खरी व्हायची राहून गेलेली असते.

## आशा कधी तुटते?

जी गोष्ट शेवटांच्या चर्चेत फार कमी येते, तिच्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्राकडे जावं लागतं. भरताने विरहाचे दोन प्रकार वेगळे केलेत. भेटीची आशा शिल्लक असलेला विरह तो विप्रलंभ, आणि तो शृंगारातच मोडतो. आशा पुरती तुटली की तो करुण. म्हणजे ताटातूट झालेल्या दोघांची कथा आशा असेपर्यंत प्रेमकथाच असते, आणि एका क्षणी ती दुसऱ्याच रसात उतरते.

हा उतार प्रेक्षकाला चालायला मिळायला हवा. पुष्कळ कथा दोन तास विप्रलंभात घालवतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत कड्यावरून ढकलून देतात. मृत्यू, पडदा, नावं. प्रेक्षक अजून आशेतच असतो; त्याचा पाय खाली टेकलेलाच नसतो. मग तो चिडतो. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात म्हटलंय की रसभंगाचं कारण अनौचित्याखेरीज दुसरं नाही. अनौचित्य म्हणजे जे जिथे शोभत नाही ते तिथे असणं. मरण शोभत नाही असं नसतं, त्याची वेळ शोभत नाही. म्हणून मला नेहमी वाटतं की शोकांत शेवटाचं निम्मं काम मरणाच्या किंवा ताटातुटीच्या नंतरच्या प्रवेशात असतं. मागे राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, हे कळल्याशिवाय आशा खरोखर तुटत नाही.

फलाटावरच्या त्या माणसाची गोष्ट मी लिहिली असती तर गाडी सुटल्यावर संपवली नसती. तो स्टेशनाबाहेर येतो. चालत राहतो. रोजचा रस्ता कुठेतरी मागे सुटतो, अंधार पडतो, आणि एका अनोळखी वळणावर तो थांबतो. समोरून येणाऱ्या माणसाला म्हणतो, 'जरा रस्ता सांगता का?'